उत्तर मुलालाच देऊ द्या



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या ओट्यावर दोन प्रकारचे पालक येतात. काही विचारतात, "सर, पुढे कुठे टाकायचे?" आणि काही जरा खालच्या आवाजात विचारतात, "सर, कुठे कामाला लावता येईल का?" आमच्या जांब समर्थसारख्या गावात दुसऱ्या प्रकारचे पालक कमी नाहीत. कुणाकडे दोन एकर कापूस-सोयाबीन, कुणाकडे तेवढेही नाही. मुलाने पुढे शिकावे असे त्यांनाही वाटते, पण घरात एक पगार आला तर धाकट्या बहिणीची शाळा सुटणार नाही, हा हिशोब त्यांच्या डोक्यात असतो. या महिन्याचे आमचे बोलणे या पालकांशी आणि त्यांच्या मुला-मुलींशी आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. गावातला एक मुलगा, बारावी झालेला, वयाची १८ वर्षे पूर्ण. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याला मशिनरीच्या देखभालीसाठी मदतनीस हवे होते. वडिलांनी कामाचा दिवस मोडला, मुलाला नवा शर्ट घेतला आणि दोघे पहाटेच्या एसटीने अंबडमार्गे जालन्याला गेले.

साहेबांनी विचारले, "नाव काय?" वडिलांनी सांगितले. "शिक्षण किती?" तेही वडिलांनीच सांगितले. मग साहेबांनी मुद्दाम मुलाकडे पाहून विचारले, "तुला काय काम येते?" मुलगा मान खाली घालून म्हणाला, "काही नाही, सर." साहेब म्हणाले, "ठीक आहे, कळवतो." कळवले अर्थातच नाही.

आता खरी हकीकत ऐका. हा मुलगा आठवीपासून सुट्ट्यांत आणि संध्याकाळी मामूंच्या दुकानात बसतो. मामू मोटारींचे वायंडिंग करतात. जळालेली पाणबुडी मोटार उघडणे, जुनी तार काढणे, वेढे मोजून नवी तार भरणे, बेअरिंग बदलणे, स्टार्टर जोडून देणे, हे सगळे या पोराला येते. उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार बंद पडली की अर्धा गाव त्यालाच शोधतो. कारखान्याला नेमका असाच मुलगा हवा होता, आणि तो समोर बसून म्हणाला, काही येत नाही.

आम्ही त्याला विचारले, "अरे, मामूंच्या दुकानाचे का सांगितले नाहीस?"

तो म्हणाला, "सर, ते काय काम आहे का? ती तर मदत."

थोडा वेळ थांबून पुन्हा म्हणाला, "आणि अब्बा बोलत होते. मध्ये कसे बोलणार?"

त्या दिवसापासून ही दोन वाक्ये आमच्या डोक्यातून जात नाहीत. मुलाखतीच्या तयारीवर बाजारात पुस्तके आहेत, मोबाइलवर व्हिडिओ आहेत. हात कसा मिळवावा, टाय कसा बांधावा, इंग्रजीत ओळख कशी करून द्यावी, हे सगळे त्यात असते. पण आमच्या मुलांची अडचण टाय बांधण्याची नाही. त्यांना जे येते त्याला ती 'येणे' समजत नाहीत, आणि मोठ्यांसमोर स्वतःचे उत्तर स्वतः देण्याची त्यांना सवय नाही. या दोन्ही गोष्टी घरात घडतात, म्हणून त्यांचा इलाजही घरातच आहे.

पाहुणे आले आणि त्यांनी मुलाला विचारले, "कितवीला आहेस बेटा?" की उत्तर कोण देते? बहुधा अम्मी देते. दवाखान्यात डॉक्टर मुलाला विचारतात, "काय दुखते?" आणि अब्बा सांगतात. बँकेत, तलाठ्याकडे, रेशन दुकानात मूल पिशवी धरून मागे उभे असते. जे मूल गप्प बसते त्याला आपण शहाणे म्हणतो. आम्ही शिक्षकही यात मागे नाही. वर्गात दिवसभर आमचे पहिले वाक्य "गप्प बसा" हेच असते. १७ वर्षे गप्प बसवायचे आणि अठराव्या वर्षी अनोळखी साहेबांसमोर घडाघडा बोल म्हणायचे, हे कसे जमावे?

अदब आणि मुकेपणा एक नव्हेत

कुणी म्हणेल, सर, मोठ्यांसमोर कमी बोलणे हा तर अदब आहे. अदब आम्हालाही प्रिय आहे. पण पवित्र कुरआनात सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अलैहिस्सलाम) मदयनला पोहोचतात तो प्रसंग आठवून पाहा. पाण्यावर दोन बहिणी आपली जनावरे रोखून उभ्या आहेत. मूसा (अ.) त्यांना विचारतात आणि त्या स्वतः, लाज राखून पण स्पष्ट उत्तर देतात. पुढे त्यांच्यातली एक आपल्या वृद्ध वडिलांना सुचवते की यांना कामावर ठेवा, हे ताकदवान आहेत आणि विश्वासू आहेत. वडील मुलीचे म्हणणे ऐकतात. मग कामाच्या अटी ठरतात. किती वर्षे काम, त्याबदल्यात काय, वाढीव मुदत कुणाच्या मर्जीवर, सगळे आधीच तोंडावर बोलले जाते. आम्हाला तर ही नोकरीच्या मुलाखतीची सर्वांत सुंदर हकीकत वाटते. कामाची ताकद आणि अमानतदारी, माणूस निवडायला आजही याहून वेगळे काय पाहतात?

हेच मूसा (अ.) पुढे फिरऔनच्या दरबारात जाण्याआधी आपल्या जिभेची गाठ सुटावी म्हणून अल्लाहकडे दुआ मागतात. ही दुआ मदरशात जाणाऱ्या आपल्या बहुतेक मुलांना पाठ आहे. तिचा अर्थही त्यांना समजावून सांगा. बोलताना अडखळणे ही शरमेची गोष्ट नाही, हे त्यांना कळेल.

आणि हजरत यूसुफ (अ.)? बादशहासमोर त्यांनी स्वतःहून सांगितले की धान्यकोठारांची जबाबदारी मला द्या, मी राखणही करीन आणि मला त्यातले ज्ञानही आहे. आपल्याला जे येते ते खरेपणाने सांगणे म्हणजे बढाई नव्हे. न येणारे येते म्हणणे हे खोटे, तसे येणारे येत नाही म्हणणे हेही काही खरे नाही.

'मला काय येते' ही वही

आम्ही त्या मुलाला एक साधी वही दिली आणि सांगितले, आठवडाभर लिही, तुला काय काय येते. पहिल्या दिवशी दोन ओळी आल्या. आठवड्याने दोन पाने भरली. तुम्हीही घरी हे करून पाहा. नियम एकच, 'मदत करतो' असे लिहायचे नाही. काय करतो, किती दिवसांपासून करतो आणि एकट्याने किती करतो, हे लिहायचे. 'मामूंना मदत करतो' या ओळीच्या जागी 'चार वर्षांपासून मोटारीचे वायंडिंग करतो, तीन आणि पाच हॉर्सपॉवरची मोटार एकटा भरतो' असे लिहिले की साहेबांना पुढचा प्रश्न विचारायला जागा मिळते.

किराणा दुकानात बसणाऱ्या मुलाला उधारीची वही सांभाळता येते, गिऱ्हाईक ओळखता येते. मशिदीच्या बांधकामाच्या वर्गणीचा हिशोब ज्याने लिहिला, त्याला पैशाची अमानत सांभाळता येते. बीजोत्पादनाच्या शेडनेटमध्ये आईबरोबर परागीकरण केलेल्या मुलीला नर फूल, मादी फूल, खुणेचा दोरा आणि शुद्ध बियाणे म्हणजे काय ते कळते. आपला जालना जिल्हा लोखंडी सळ्यांचा तसा बियाण्यांचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या कामाला जाणाऱ्या मुलीने शेडनेटचा अनुभव लपवायचा की पहिल्यांदा सांगायचा, तुम्हीच ठरवा.

भाषेचेही तसेच. इंग्रजी येत नाही म्हणून मुले आधीच खचतात. पण आपले मूल घरी दखनी बोलते, शाळेत मराठी लिहिते, हिंदी समजते, उर्दू किंवा अरबी वाचते. हे सगळे वहीत लिहा. ज्या भाषेत नीट बोलता येते त्या भाषेत उत्तर द्यावे. इंग्रजीत प्रश्न आला तर नम्रपणे म्हणावे, "सर, प्रश्न समजला, उत्तर मराठीत दिले तर चालेल का?" पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा हे बरे. पाठांतराचे इंग्रजी दुसऱ्या प्रश्नाला संपते.

इशानंतरची दहा मिनिटे

दुसरे काम तोंडी सरावाचे. आठवड्यातून एकदा, इशाच्या नमाजनंतर दहा मिनिटे काढा. घरातला माणूस साहेब नको, शेजारचे चाचा किंवा मुलाला फारसे न ओळखणारे कुणी तरी बसवा. खुर्ची समोरासमोर ठेवा. पाच प्रश्न पुरेत. तुमच्याबद्दल सांगा. काय काम येते? हे काम का हवे आहे? पूर्वी एखादी चूक झाली तेव्हा काय केले? आणि तुम्हाला काही विचारायचे आहे का?

शेवटच्या प्रश्नाला आपली मुले "नाही सर" म्हणतात. ते चुकीचे आहे. पगार किती आणि कोणत्या तारखेला, ड्यूटी किती तासांची, साप्ताहिक सुट्टी कधी, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, आणि मुख्य म्हणजे पगार कंपनी देणार की ठेकेदार, हे विचारणे उद्धटपणा नाही. मदयनच्या प्रसंगात आपण पाहिले, अटी आधी ठरल्या. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी ही शिकवण आपल्याकडे आहे, तर मजुरी किती हे विचारण्यात लाज कसली?

सरावात मूल अडखळले तर मध्ये पडू नका. हसू तर मुळीच नका. आणि एक वाक्य जरूर शिकवा, "हे मला येत नाही, पण शिकेन." हे वाक्य खरे आहे आणि अनेक साहेबांना आवडतेही.

याशिवाय रोजची संधी सोडू नका. बँकेत पासबुक भरायचे आहे? मुलाला खिडकीशी उभे करा, तुम्ही मागे थांबा. एसटीची चौकशी मुलीला करू द्या. सुरुवातीला वेळ लागेल, खिडकीमागचा माणूस वैतागेल. चालेल.

नाव, धर्म आणि अवघड प्रश्न

आता एक नाजूक गोष्ट. काही पालक विचारतात, "सर, आपल्या नावामुळे नाही म्हणाले तर?" होय, असे घडते, आम्ही खोटा दिलासा देणार नाही. पण आपल्याच जिल्ह्यातल्या शेलगावच्या अन्सार शेख यांची आठवण करून देऊ. वडील रिक्षाचालक, भाऊ गॅरेजमध्ये कामाला. नातेवाइकांच्या सांगण्यावरून वडील शाळेतून नाव काढायला गेले तेव्हा शिक्षकांनी समजावून परत पाठवले, हे अन्सार यांनीच सांगितले आहे. पुण्यात शिकताना खोली मिळावी म्हणून त्यांना 'शुभम' हे मित्राचे नाव सांगावे लागले होते. त्यांनीच २०१५ ची केंद्रीय लोकसेवा परीक्षा पहिल्याच प्रयत्नात, वयाच्या २१ व्या वर्षी, ३६१ व्या क्रमांकाने उत्तीर्ण केली. मुलाखतीत त्यांना विचारले गेले की तुम्ही शिया की सुन्नी. त्यांनी उत्तर दिले की मी भारतीय मुस्लिम आहे. ना राग, ना लाचारी.

आपल्या मुलांची मुलाखत एवढी मोठी नसेल, पण अवघड प्रश्न येऊ शकतो. जुम्याच्या नमाजला सुट्टी मागणार का? मुलीने ओढणी किंवा हिजाब घातला असेल तर कामावर घालणार का? याचे उत्तर मुलाखतीच्या खोलीत शोधू नये. घरात आधी बसून ठरवावे आणि मुलाने किंवा मुलीने ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. "शुक्रवारी दुपारी नमाजसाठी थोडा वेळ लागेल, तेवढे काम मी भरून देईन," एवढे शांतपणे सांगितले की पुष्कळ ठिकाणी प्रश्न मिटतो. जिथे मिटत नाही, तिथली गोष्ट रुजू होण्याआधीच कळली, हेही बरेच झाले.

मुलींच्या बाबतीत आणखी एक विनंती. ड्यूटी किती वाजता सुटते, जाण्या-येण्याची सोय काय, कामाच्या जागी इतर महिला आहेत का, हे प्रश्न जरूर विचारावेत. पण ते अब्बांनी किंवा भाईने नव्हे, मुलीने विचारावेत. उद्या काही गैर घडले तर तक्रार तिलाच करायची आहे. तो आवाज तिला आधीच सापडलेला असावा.

फाइल नीट करा

नावाचा एक साधा पण मोठा घोटाळा आपल्या घरांत फार दिसतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'शेख' आधी, आधारवर शेवटी. बँकेत 'मोहम्मद' पूर्ण, पॅनवर 'मो.'. पगाराचे खाते आणि भविष्य निर्वाह निधी या फरकांवर अडकतो. दहावीचे प्रमाणपत्र मुख्य माना आणि बाकीची कागदपत्रे त्याप्रमाणे मुलाखतीच्या आधीच दुरुस्त करून घ्या.

मूळ कागदपत्रे दाखवायची, ठेवायला द्यायची नाहीत. झेरॉक्स द्यायची. नोकरीसाठी कुणी अनामत, फॉर्मचे किंवा ड्रेसचे म्हणून पैसे मागितले तर सलाम करून उठून यायचे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंदच केल्या आहेत. म्हणून अशा पदासाठी "मुलाखतीत पास करून देतो, एवढे द्या" म्हणणारा माणूस खोटा आहे हे समजा.

वयाबद्दलही खोटे बोलू नका. १६-१७ वर्षांच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे. वय वाढवून भट्टीजवळ पाठवलेल्या मुलाला काही झाले तर त्या पगाराचे काय करणार? त्या वयात आयटीआयचा रस्ता आहे. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे, त्यात शिकताना विद्यावेतन मिळते. १८ नंतरसाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय-पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरवले होते. सध्या काय सुरू आहे, याची चौकशी जिल्हा रोजगार कार्यालयात करावी, आणि ती चौकशीही मुलालाच करू द्यावी.

नकार आला तर

पहिल्या मुलाखतीत बहुतेकांना नकार मिळतो. १९५८ मध्ये एक तरुण हवाई दलाच्या निवडीसाठी डेहराडूनला गेला होता. २५ जणांत त्याचा नववा क्रमांक आला आणि निवड झाली आठ जणांची. त्या तरुणाचे नाव अब्दुल कलाम. घरी परतलेल्या मुलाला "तुला जमणारच नव्हते" असे म्हणू नका. पाणी द्या आणि विचारा, कोणता प्रश्न अडला? तो प्रश्न वहीत लिहा.

आमच्या त्या मुलाने वही घेऊन तीन महिने सराव केला. कधी आमच्या ओट्यावर, कधी शेजारच्या चाचांसमोर. मग दुसऱ्या एका कारखान्यातून बोलावणे आले. वडील या वेळीही बरोबर गेले, पण आम्ही त्यांना आधीच विनवले होते. ते फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले.

संध्याकाळी दोघे परतले तेव्हा आम्ही वडिलांना विचारले, "काय विचारले साहेबांनी?"

ते म्हणाले, "मला काय माहीत, सर? मैं तो बाहर था. यालाच विचारा."

मग मुलगा बोलायला लागला. मोटार कशी भरतो ते सांगताना साहेबांनी टेबलावरचा कागद पुढे केला आणि त्याने वायंडिंगची आकृती काढून दाखवली, पगार कोण देणार हेही विचारले. अल्हम्दुलिल्लाह, आज तो तिथे कामाला आहे. पगार फार नाही, पण दर महिन्याला थोडे पैसे बहिणीच्या फीसाठी बाजूला निघतात.

बंधू-भगिनींनो, आज रात्री दस्तरखानावर एवढेच करा. पाहुण्यांनी मुलाला काही विचारले तर दोन घास गप्प बसा. उत्तर त्याला देऊ द्या. अल्लाह आपल्या मुलांच्या जिभेची गाठ सोडवो आणि त्यांच्या कमाईत बरकत देवो. आमीन.